पाचव्या वेळी

नूरजहाँला मोहल्ल्यात सगळे नूर म्हणत, आणि हाक मारत ती बहुतेक काम सांगायला. आईबाप गेले तेव्हा ती सात वर्षांची होती. मावशीनं तिला दासगावहून महाडला आणली. मावशीचं घर ट्रकवाल्यांचं. अंगणात तीन ट्रक, ओटीवर झोपाळा, हाताखाली माणसं. पोटच्या पोरीसारखी वाढवली, असं लोक अजून सांगतात. पोटच्या पोरीला कुणी रोज पहाटे ड्रायव्हर-क्लीनरांच्या चाळीस भाकऱ्या थापायला लावत नाही, पण असो.

मावशीचा मुलगा युसुफ. नूर सोळाची झाली तेव्हा त्यानं तिला सांगितलं, निकाह करीन तर तुझ्याशीच. पुढच्या महिन्यात आईनं बड्या घरची माहरुख दाखवली आणि तो हो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. आईपुढे तोंड उघडत नसे, एवढंच. नूरचं लग्न घरच्याच ड्रायव्हरशी लावलं आणि दोघांना गोदामामागची खोली दिली.

१९७९ साली दोघी बाळंत झाल्या. नूरला राहील झाला, त्यानंतर दोन महिन्यांनी माहरुखला रिझवाना. माहरुखला बाळंतपणात ताप चढला, शुद्ध राहिना. पोर रडून रडून निळी पडली. पोलादपूरकडच्या वाडीतली मैना सुईण आली होती. तिनं कुणाला विचारलं नाही, पोर उचलली आणि नूरच्या पदराखाली दिली. दीड दिवसात चार वेळा. चारही वेळा रिझवाना पोट भरल्यावर आपण होऊन सुटली आणि झोपली. पाचव्या वेळी नूरनं तिला जवळ घेतली, तेवढ्यात माहरुख शुद्धीवर येऊन, भिंतीला धरत धरत खोलीत आली. तोंड लागायच्या आत तिनं पोर खेचून घेतली.

"ड्रायव्हरच्या बायकोचं दूध माझ्या मुलीला? गावात दुधाचे डबे संपले होते?"

नूरचं दूध तिच्याच गुडघ्यावर ठिबकत राहिलं. पुसायचं तिला सुचलं नाही. दारात युसुफ उभा होता. तो गाडी बघायला गेला.

दुसऱ्या वर्षी आंबेनळी घाटात ट्रक दरीत गेला, त्यात नूरचा नवरा. घरी त्याच्या चपला आणि थर्मास आला. नूरनं खोली सोडली, मोहल्ल्याच्या टोकाला दोन खणांत बिऱ्हाड केलं, लग्नाकार्यातल्या भाकऱ्या आणि सांदणं करून राहीलला शिकवलं.

तिनं एक वाक्य तयार ठेवलं होतं. 'माहरुखभाभी, त्या दिवशी काय केलंस ते आज सगळ्यांसमोर सांग.' पीठ मळताना ती ते मनात म्हणून बघायची. पहिली काही वर्षं म्हणताना छाती धडधडायची. मग नुसतंच म्हणायची, डाळ निवडावी तसं. राग कधी गेला ते कळलं नाही. वाक्य तेवढं राहिलं.

राहील कुवेतला क्रेन चालवायला लागला. इकडे युसुफचे ट्रक एकेक करून गेले. महाडच्या कॉलेजात राहील आणि रिझवाना एका वर्गात होती, हे दोन्ही घरांना ठाऊक होतं आणि दोन्ही घरं गप्प होती. २००३च्या मे महिन्यात राहील सुट्टीवर आला आणि त्यानं सरळ मागणी घातली. युसुफ लगेच हो म्हणाला. माहरुखही हो म्हणाली, कारण मुलगी दुसऱ्या कुणाला होकार देत नव्हती आणि घरचं नाकही आता पूर्वीइतकं वर राहिलं नव्हतं.

मंगनीला म्हाताऱ्या मैनेलाही बोलावलं होतं. शिरखुर्म्याची वाटी संपवून ती कौतुकानं म्हणाली, "एकाच आईच्या दुधावरची दोन लेकरं! देवानंच जोडलीन गो."

तिच्या वाडीत हा आशीर्वाद झाला असता. इथं सगळ्यांच्या हातातले चमचे थांबले. दूध पाजणारी ती आई, आणि दूधभावंडांचा निकाह होत नाही.

"मी काय वाईट बोलले?" मैना बावरली.

"काय नाय गो, तू खा," नूर म्हणाली.

मशिदीतले खतीबसाहेब शांत माणूस. म्हणाले, "कोकणात आपण मानतो ते असं, की पाच वेळा पोटभर पाजलं असेल तर नातं लागतं. कमी असेल तर नाही. जिनं पाजलं तिनं सांगावं. शुक्रवारी नमाजनंतर बसू."

मैनेला आकडा आठवत नव्हता. म्हणजे सगळं नूरच्या एका शब्दावर आलं. पाच म्हटलं की लग्न मोडलं, माहरुखची मुलगी जन्मभर नूरची दूधलेक झाली, आणि माहरुखला ते मरेपर्यंत गिळावं लागलं. खोटं पकडणारं कुणी नव्हतं. एवढी चालून आलेली संधी. नूर त्या संधीकडे उद्याचे तांदूळ भिजत घालायचेत अशा नजरेनं बघत बसली.

"अम्मा, किती वेळा?" राहीलनं विचारलं.

"शुक्रवारी सांगीन."

"आत्ता सांग."

"तू जेव आधी."

तो ताटावरून उठला. "पाच असतील तर मी कुवेतहून परत येणार नाय. आधीच सांगतो."

गुरुवारी दुपारी माहरुख आली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा तिनं नूरची पायरी चढली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"नूर, चार वेळाच झालं होतं. तुला आठवतंय ना?"

"मला आठवतंय. तुला आठवतंय का, ते स्वतःला विचार."

"माझी मुलगी दोन दिवस जेवली नाही गो. काय पायजे तुला? माफी मागू? पाया पडू?"

या प्रश्नाचं उत्तर नूरकडे चोवीस वर्षं तयार होतं. तिनं शोधलं. सापडलं नाही.

"काय नको," ती म्हणाली. "जा, ऊन हाय."

शुक्रवारी युसुफच्या ओटीवर माणसं जमली. बायका आतल्या दाराशी. नूर दाराजवळ खाली बसली. खुर्ची होती, पण त्या घरात ती खुर्चीवर कधी बसली नव्हती. खतीबसाहेबांनी विषय काढायच्या आत माहरुख पुढे झाली. आवाज चढा होता.

"मीच सांगते. पाचव्या वेळी पोर मी खेचून घेतली. ही ड्रायव्हरची बायको म्हणून. तोंडसुद्धा लागू दिलं नाही. वर बोलले ते वेगळंच."

युसुफ जमिनीकडे बघत होता. आणि नूरच्या ध्यानात आलं, की तिचं वाक्य आता संपलं. जे सांगायला लावायचं होतं ते माहरुखनं आपणहून सांगून टाकलं. तिला काहीतरी वाटायला हवं होतं. समोर बिस्किटांची ताटली होती, त्यातलं एक बिस्कीट मोडलेलं होतं. तिचं लक्ष त्याच्यावर खिळलं.

"बाई, यांचं सांगणं चालत नाही, पाजलं तिनंच सांगायचं," खतीबसाहेब नूरला म्हणाले. "तुम्ही सांगा. किती?"

राहील खांबाला टेकून उभा होता. दोन दिवसांची दाढी, डोळे बापाचे.

"चार."

"आणि पाचव्या वेळी?"

"तोंड लागलं नव्हतं."

खतीबसाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. "मग काही अडचण नाही. चार म्हणजे काही नाही. पाजलंच नव्हतं असं धरायचं."

ओटीवर एकदम बोलणी सुरू झाली. कुणी राहीलच्या पाठीवर थाप मारली. आत रिझवाना रडत होती, तिच्या मैत्रिणी हसत होत्या. पाजलंच नव्हतं, नूरनं मनात म्हणून पाहिलं. हेही वाक्य सोपं होतं. पदर तिनं उगाच गुडघ्यावरून ओढून घेतला.

ती उठायला लागली, तर माहरुखनं तिचं मनगट धरलं. "आता कुठे चाललीस? विहीण झालीस. वर बस."

नूर खुर्चीवर बसली. चहा आला, पाहुण्यांसारखा बशीसकट कपातून.

"साखर बरोबर हाय ना गो?" माहरुखनं विचारलं.

"हाय."

अर्धा कप संपल्यावर तिला कळलं, चहात साखर घातलीच नव्हती. तिनं उरलेला तसाच प्यायला.