आमच्या व्याह्यांचा जर्मन ड्यूक

आमच्या व्याह्यांइतका राजनिष्ठ माणूस मी दुसरा पाहिला नाही. राजा मात्र ना आपल्याकडचा, ना इथल्या विलायतेतला. जर्मनीतला एक बारका ड्यूक, मरून कैक पिढ्या झालेला, ज्याचं नाव माझ्या जिभेला आजही वळत नाही. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी करण्यात उभी हयात गेली, आणि म्हातारपणी माझ्यासारखेच मुलाकडे इथे विलायतेत, मिल्टन कीन्सला येऊन राहिले. एकदा पाऊस चुकवायला जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमध्ये शिरले, नुसतंच उभं राहणं बरं दिसेना म्हणून एक जुनं इंग्रजी पुस्तक घेऊन बाहेर पडले. त्यात हा ड्यूक होता. त्या दिवसापासून व्याही त्याच्या चाकरीत रुजू झाले.

राज्य केवढं, तर व्याही सांगायचे, "आपल्या घरापासून पाचव्या राउंडअबाउटपर्यंत. पुढचं दुसऱ्याचं." फौज एकोणीस जणांची, त्यातला एक ढोलवाला, दोघं रजेवर गेले की कवायत रद्द. रस्त्याच्या कडेनं ड्यूकनं नाशपातीची झाडं लावली होती, वाटसरूनं हवी तेवढी खावीत, घरी मात्र न्यायची नाहीत. आणि दर शनिवारी अकरा वाजता हा राजा मुदपाकखान्याची खिडकी उघडून बसायचा. ज्याची जी तक्रार असेल ती त्यानं खिडकीशी येऊन सांगायची, निकाल तिथल्या तिथे, एका वाक्यात. एका बदकावर दोन बायकांनी हक्क सांगितला, तेव्हा त्यानं बदक आठवडाभर राजवाड्यात ठेवून घेतलं. जी रोज दाणे घालायला येईल तिचं. दोघीही रोज आल्या. बदक गुबगुबीत झालं आणि बायकांची मैत्री झाली. हे सांगताना व्याही असे हळवे व्हायचे, की त्यातली एक बाई त्यांची सख्खी मावशीच असावी.

हे सगळं ते मराठीत लिहून काढत होते, नातवंडांसाठी. नातवंडांना मराठी वाचता येत नाही असं मी म्हटलं, तर म्हणाले, "मिस्त्री, नोंद आधी करून ठेवायची असते. मागायला लोक मागाहून येतात." मी सुतार, शिक्षण चौथी, मास्तरांनी विनाकारण मारलं म्हणून शाळा सोडली, ती पुन्हा पायरी चढलो नाही. पण ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. तेव्हा दर शनिवारी अकराला, सायकलींच्या लाल रस्त्याकडेच्या बाकावर, थर्मासमधला चहा पीत ते वाचायचे आणि मी ऐकायचो. एकदा विचारलं, "ती खिडकी आत उघडायची की बाहेर?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"बाहेर उघडत असेल तर तक्रार सांगणाऱ्याच्या नाकावर बसेल."

व्याही दोन आठवडे माझ्याशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या शनिवारी वहीत 'आत उघडणारी' असं घातलेलं होतं.

एकदा गंमत म्हणून मीही तक्रार केली. "तुमची लेक हीटरचा थर्मोस्टॅट अठराच्या वर जाऊ देत नाही." व्याह्यांनी थर्मासचं झाकण लावलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "मिस्त्रींनी स्वेटर घालावा."

"लेकीच्याच बाजूनं निकाल दिलात."

"आमच्या ड्यूकांनी सख्ख्या भावाला दोनदा दंड केलाय. तुम्ही पुरावा आणा."

जन्मात मी कुणापुढे गाऱ्हाणं घेऊन गेलो नाही. पण तेव्हापासून दर शनिवारी एक तक्रार न्यायला लागलो.

मग पुस्तक शेवटाशी आलं. शेजारच्या बड्या राजानं ड्यूकचं राज्य गिळलं. पत्र आलं, की आजपासून तुमचा अंमल संपला, घरात राहायचं तर राहा. पुढच्या शनिवारी अकरा वाजता ड्यूकनं खिडकी उघडली, आणि पुढची पानं फाटलेली. लोक आले की नाही, काही कळेना. व्याह्यांनी लायब्ररी पालथी घातली, काही हाती लागलं नाही. त्यातच त्यांच्या मुलाला नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, महिनाअखेर घर हलवायचं ठरलं. हे कुणी व्याह्यांना विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. सूनबाई मला म्हणाली, "अप्पा, बाबा धड जेवत नाहीयेत. तुम्ही बघा ना काहीतरी."

बाकावरच्या शेवटच्या शनिवारी वही मिटलेलीच होती. व्याही म्हणाले, "खिडकी उघडली आणि कुणीच आलं नसेल तर?"

"आले असतील."

"पुरावा काय? अंमल गेलेल्या माणसाकडे तक्रार घेऊन कोण जातं?"

"मी येतो ना," मी म्हटलं. "तुमचा एक तरी निकाल आमच्या घरात लागू झालाय का? तरी येतो. असल्या थंडीत."

व्याह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग वही उघडून सावकाश लिहिलं आणि माझ्या मांडीवर ठेवली. शेवटची ओळ होती : 'लोक येत राहिले. साक्षीदार, एक सुतार.' खाली रेघ मारलेली. "सही करा," म्हणाले, "त्याशिवाय नोंद पुरी होत नाही." मी केली. माझी सही वाकडी येते. तिथं सरळ आली.

आता ते नॉटिंगहॅमला. शनिवारी अकराला फोन वाजतो. "बोला मिस्त्री, काय तक्रार?" पण वडील तिकडे राहायला गेल्यापासून सूनबाईनं थर्मोस्टॅट एकविसावर ठेवलाय, वर म्हणाली, "अप्पा, हा आता इथंच राहणार. कुणी हात लावायचा नाही." म्हणून शनिवारी साडेदहाला, ती सामान आणायला गेली, की मी उठतो, आपल्या हातानं तो सतरावर आणतो आणि स्वेटर घालून फोनशेजारी बसतो.