फॉर्म माझा, नंबर दुकानदाराचा

पालेगावकरांनो, ऐका. माझ्या एमएस्सी प्रवेशाच्या अर्जाचं काय झालं ते आज सहज वेबसाइटवर बघितलं, तर तिथे सूचना: मार्कशीट अस्पष्ट आहे, आज संध्याकाळपर्यंत पुन्हा अपलोड करा, नाहीतर अर्ज बाद!

मेसेज आठवड्यापूर्वीच आला होता, पण स्टेशनजवळच्या फॉर्मवाल्याला. ओटीपी पटकन मिळावा म्हणून त्याने माझ्या फॉर्मवर स्वतःचाच मोबाईल नंबर टाकलेला.

तडक त्याच्या दुकानात गेले. "मॅडम, इतके मेसेज येतात, कोणाकोणाला सांगत बसू?" वर हसला!

मार्कशीट अपलोड केली, नंबर बदलला. मग रांगेतल्या प्रत्येकाला हा किस्सा मोठ्याने सांगितला. रांग पांगली.

उद्या मी लॅपटॉप घेऊन त्याच्या दुकानासमोरच बसणार आहे. तुमच्याही फॉर्मवर त्याचाच नंबर आहे का? या, फुकट बदलून देते. बघूया, उद्या किती हसतो.