पोपट बोलावा म्हणून

माझ्या हातून झालेले उपद्व्याप सांगायला बसलो तर तुमचा चहा गार होईल. पण सासुरवाडीत घातलेला हा घोळ ऐकाच. हसा खुशाल. मला मात्र अजून हसू येत नाही!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवीन लग्न, नाशिकरोडला दोन खोल्या. शेजाऱ्यांची बदली झाली, आणि जाताना त्यांनी आपला पोपट आमच्या गळ्यात मारला. "फार बोलतो हो!" म्हणाले.

आमच्याकडे आल्यावर? मौन! कोपऱ्यात फुगून बसायचा. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची, पेरूची फोड, सगळं तसंच पडलेलं. मिठू मिठू करून माझाच घसा बसला.

ऑफिसातल्या जोशींनी निदान केलं. जोशींनी जन्मात चिमणी पाळलेली नाही, पण सल्ला द्यायला काय लागतं? "एकटा पडलाय हो तो. चार जातभाईंचा आवाज कानावर पडू दे, लगेच रुळेल."

जातभाई कुठे? सासऱ्यांच्या विंचूरच्या द्राक्षबागेत! संक्रांत तोंडावर होती, जावयाचा पहिला सण, बोलावणं आलेलंच होतं. पिंजऱ्यावर टॉवेल टाकला, पिंजरा बायकोच्या मांडीवर दिला आणि स्कूटरला किक मारली.

सासूबाईंनी हौसेनं हलव्याचे दागिने करवून घेतले होते. गळ्यात हार, मनगटात कडं, असा साखरेत घोळलेला मी. सासरे, म्हणजे सगळ्यांचे आबा, व्यापाऱ्याला आणायला गेले होते. द्राक्षाच्या मण्यांत गोडी भरली होती, तो बाग बघून सौदा करणार होता. घराचं वर्षभराचं सगळं त्या एका दुपारवर. आणि हे मला ठाऊक होतं बरं का!

मी पिंजरा घेऊन बागेत गेलो. मेहुणा सोपान पत्र्याचा डबा बडवून पाखरं हाकलत होता. माझा पोपट दांडीवरून खाली पडला, थरथरायला लागला.

"सोपान, डबा बंद कर. घाबरतोय तो."

"दाजी, पाखरं बसतील ना."

"अरे, थोडा वेळ!"

"आबांना इचारू द्या की."

"मी सांगतोय ना!"

आता पहिल्या सणाच्या जावयाला नाही कोण म्हणणार? सोपाननं डबा खाली ठेवला. "मंग मी च्या पिऊन येतो," म्हणाला आणि घराकडं गेला.

शांतता झाली. लांबून टीं-टीं ऐकू आलं. माझ्या पोपटानं मान ताणली आणि असा ओरडला म्हणता! माझे डोळे भरून आले, खोटं नाही सांगत. "बोल राजा, बोल!" तो बोलावत गेला, ते येत गेले. अख्ख्या निफाड तालुक्यातले पोपट त्या बागेत उतरले असतील. आणि मी? मी टाळ्या वाजवत होतो!

एक मणी खायचे, दहा पाडायचे. मला दिसलं नाही? दिसलं हो! पण वाटलं, पाखरं ती, खाऊन खाऊन किती खाणार?

मागे मोटारसायकली थांबल्या. सासरे आणि व्यापारी. व्यापाऱ्यानं एक वेल पाहिला, दुसरा पाहिला.

"आबा, टोचलेला माल मी कुठं खपवू?"

आणि गेला की तो!

सोपान धावत आला. सासरे त्याच्यावर कडाडले, "डबा का नाय वाजवला?"

सोपाननं खाली मान घातली. माझं नाव घेतलं नाही त्यानं. तो शिव्या खातोय आणि मी हलव्याचा हार घालून उभा. शेवटी मीच म्हणालो, "मामा, त्याला... मीच सांगितलं."

सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या हाराकडं. अहो, दोन ठेवून दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण सणाचा जावई! राग गिळला त्यांनी. एवढी लाज मला जन्मात वाटली नाही.

संध्याकाळी मला पाटावर बसवलं, ओवाळलं. मान कसा चुकवणार? पोपट तेवढा अखंड बोलत होता. मलाही राहवेना. "मामा, खरं म्हणजे माझा उद्देश..."

सासऱ्यांनी माझ्या तळहातावर लाडू ठेवला.

"तिळगूळ घ्या, जावईबापू," ते म्हणाले, "आन् बोलू नका."