युसुफची रेघ

युसुफने मला सांभाळून घेतलं, हे आधी सांगतो. त्याला मी कधी पाहिलेलं नाही. सातवीतून शाळा सोडून गवंड्याच्या हाताखाली लागलेला मी, इथे इस्राएलमध्ये टाइल्स बसवायला आलो. पहिल्या दिवशी पहिली टाइल कुठे धरावी तेच कळेना. पाहतो तर चारही भिंतींवर कुणीतरी पातळी बघायची पाणसळ लावून पेन्सिलीची सरळ रेघ मारून ठेवलेली. तिच्या आधारावर माझं काम टिकलं.

"युसुफने मारलीय," डॅनियलकाका म्हणाले. ते आमचे मुकादम, मूळचे रेवदंड्याचे ज्यू. "पॅलेस्टिनी. लढाई सुरू झाली, त्याचा इथे कामाला यायचा परवाना गेला. म्हणून तर तू आलास, बाबा."

जेवताना त्यांच्या मोबाइलवर बातमी लागली. आपलं भारत सरकार म्हणत होतं, ज्यूंना त्यांचा देश असावा, पॅलेस्टिनींनाही त्यांचा.

"आमचा झाला," काका भाकर मोडत म्हणाले. "त्यांचा होणार, हे मी इथे आलो तेव्हापासून ऐकतोय."

सरकारची रेघही सरळच आहे. तिच्यावर कुणी बांधत मात्र नाही.

संध्याकाळी शेवटची टाइल चिकटवली आणि युसुफची रेघ झाकली गेली. युसुफ, तुझ्या देशात तुझं घर उभं राहील असं मला वाटत नाही. पण राहिलंच, तर त्याची फरशी मी बसवीन.