नाकूताईचं नाक आणि चिमणीचा पाय

नाकूताईला किळस येणार नाही अशी वस्तू शोधायला गेलं, तर साबणाची नवी कोरी वडी एवढीच सापडेल, आणि तीही कागदातून नुकतीच काढलेली हवी. वडीवर कुणाचा केस चिकटलेला दिसला, की आत साप असल्यासारखी ती न्हाणीघरातून बाहेर यायची. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी ती कधी प्यायली नाही. घरात ताप आला तरी आईच्या हातचा चमचा आधी धुवून घ्यायची.

अशा बाईने उमेदीची सगळी वर्षं काढली ती महिला फुटबॉलमध्ये, पगारी बचावपटू म्हणून. दुसऱ्यांच्या घामाला गाल लावून उभं राहायचं, दुसऱ्यांच्या कोपरांनी आपले दात हलवून घ्यायचे आणि दोन्ही संघ जिथे मनसोक्त थुंकलेत त्याच चिखलात आडवं पसरायचं, हे तिचं पोटापाण्याचं काम. ते तिने मन लावून केलं आणि नाक मुरडतच केलं.

तिचे वडील प्लंबर. लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या उपसून ते घरी आले, की पोरगी दारातच आडवी.

“बाबा, तिथंच थांबा. आज कुणाच्या मोरीत कांदे सडले होते?”

“अगं, तुला कसं कळलं?”

“आणि त्याच्या आधी केसांची गुंतवळ काढलीत. साबण खिडकीत आहे, पाय धुतल्याशिवाय आत येऊ नका.”

“ऐकलंस का,” वडील आतल्या दिशेने ओरडायचे, “तुझ्या लेकीला पोलिसांत घाल. कुत्र्याचा खर्च वाचेल!”

शाळेच्या संघात ती मागे उभी राहिली, कारण पुढे फार अंगाला अंग लागतं असं तिने ऐकलं होतं. मागे निवांत, कोरडं आणि स्वच्छ असेल असा तिचा हिशोब. पहिल्याच सामन्यात समोरच्या शाळेची एक धिप्पाड मुलगी, वरच्या ओठावर शेंबूड आणि घाम यांचा संगम घेऊन, चेंडूसकट तिच्या अंगावर आली. नाकूताई “ई!” करून किंचाळली आणि चेंडू अशा त्वेषाने लाथाडला की तो कुंपणाबाहेर गेला. पाठोपाठ ती मुलगी घाबरून खाली बसली. काठावरच्या क्रीडाशिक्षकांना वाटलं, काय हिंमत आहे पोरीची! हिमतीचा तिथे काही संबंध नव्हता. स्वयंपाकघरात झुरळ दिसल्यावर माणूस जे करतो, तेच तिने केलं होतं. पुढे ती क्लबकडून खेळायला लागली तेव्हाही गोलपुढची चौकट हे तिचं स्वयंपाकघरच राहिलं. आत आलेली प्रत्येक गोष्ट बाहेर फेकायची, मग तो चेंडू असो, नाहीतर चेंडूमागून आलेली बाई.

क्लबने मात्र तिच्या नाकाची परीक्षा घ्यायचाच विडा उचलला होता. महिला संघाला जर्सी मिळायच्या त्या पुरुष संघाने वापरून टाकलेल्या. धुतलेल्या असायच्या, नाही असं नाही. पण काही घाम कापडात भाड्याने राहत नाहीत, जागाच विकत घेतात. तिच्या वाट्याला आलेल्या जर्सीचा मूळ मालक कोण एक जाडजूड बचावपटू होता, आणि तो निवृत्त होऊन गेला तरी त्याच्या दोन्ही काखा क्लबातच राहिल्या होत्या. सुट्टीत ती जर्सी घरी आली तेव्हा आई नाकाला पदर लावून म्हणाली, “जावई आणलास तर निदान तोंड तरी दाखव त्याचं!”

ड्रेसिंग रूमही पुरुषांच्या नंतरची. बाकावर कुणाच्या तरी ढोपरावरून निघालेली चिकटपट्टी, तिच्यावर चार केस. कोपऱ्यात आंबलेले मोजे. मोरीत पाणी तुंबलेलं आणि त्यावर तरंगणारी नखं. नाकूताई घरून फिनेल आणि खराटा घेऊन जायची, आणि इतर मुली गाणी ऐकत बूट चढवत असताना ही मोरी घासायची. नाकू हे नाव तिथलंच. लहान मुलींनी त्याला ‘ताई’ जोडलं.

पण याच नाकाने तिला एक विद्या दिली. सामन्याआधी दोन्ही संघ मैदानात जाणाऱ्या अरुंद बोळात शेजारी-शेजारी उभे राहतात. तिथे एकदा ती बुटाची नाडी बांधायला वाकली आणि शेजारच्या स्ट्रायकरच्या डाव्या गुडघ्यातून कापूर-पुदिन्याच्या मलमाचा भपकारा आला. म्हणजे डावा गुडघा दुखतोय! सामनाभर नाकूताईने तिला अशी अडवली, की प्रत्येक वेळी त्या बाईला डाव्याच पायावर वळावं लागलं. बाई दमली, चिडली आणि गोल न करता घरी गेली. त्या दिवसापासून नाकूताईची नाडी प्रत्येक सामन्याआधी सुटायला लागली. यात तिला काही गैर वाटत नव्हतं. कुणाला इजा होत नव्हती, फक्त रस्ता बदलावा लागत होता.

ही विद्या तिने एकाच मुलीला सांगितली. चिमणी ही संघातली नवी पोरगी, अंगाने काडी आणि पायाने वारा. क्लबच्या वसतिगृहात दोघींची खोली एक, आणि नाकूताईच्या नशिबात हेही होतं! चिमणीच्या उशीखाली केळ्याच्या साली सापडायच्या. ओले मोजे दिव्यावर वाळत असायचे. ती कुणाचीही बाटली उचलून तोंडाला लावायची आणि परत करायची तेव्हा तिच्यात अर्ध्याहून जास्त लाळच असायची.

“ताई, घोटभर पी ना, गार आहे.”

“मरेन, पण तुझं उष्टं पिणार नाही.”

“एक दिवस पिशील बघ!”

“त्या दिवशी माझं नाक कापून तुझ्या हातात देईन.”

एवढं सगळं असून चिमणी दुसऱ्या क्लबात गेली, तेव्हा ती रिकामी, लख्ख, वासाशिवायची खोली नाकूताईला सोसवेना. ती दोन दिवस खिडकी उघडी टाकून बसली, आणि मग स्वतःच स्वतःवर वैतागली.

पुढे क्लबात नवे प्रशिक्षक आले. तोंडात सतत लवंग, कपाळाला इस्त्री आणि बोलणं तुपातलं. त्यांना नाडीचा सुगावा लागला आणि ते हरखून गेले. “अगं, हे सोनं तू एकटीच वापरतेस? संघाला वाट की!” पद्धत अशी ठरली : बोळातून मैदानात आलं की नाकूताईने दुखऱ्या बाजूचा मोजा वर ओढायचा. उजवा पाय दुखत असेल तर आपला उजवा मोजा, डावा असेल तर डावा. बाकीच्या मुलींनी ते बघायचं.

नाकूताईला वाटलं, आता सगळ्याच मुली रस्ता अडवतील. मुलींनी रस्ता नाही अडवला. त्यांनी तो पाय पकडला. रेफरीची पाठ फिरली की टाच, रेफरी लांब गेला की बुटाचे खिळे. नाकूताईने मोजा ओढायचा आणि कुठेतरी एक बाई ओरडायची. जेवताना तिला मलमाचा वास आठवायचा आणि घास तोंडात फिरायचा. इतकी वर्षं तिला लोकांच्या घामाची, थुंकीची, नखांची किळस होती. आता ती स्वतःच्या हातांपर्यंत आली होती, आणि हात फिनेलने धुतले तरी जात नव्हती.

मग तिने मोजा ओढणं थांबवलं का? नाही. कारण गुडघे कुरकुरत होते आणि करार दर वर्षी नव्याने व्हायचा. करार गेला की दादाचं टायरचं दुकान तयारच होतं. दादा प्रेमाने म्हणायचा, “ये की, गल्ल्यावर बस. मान खाली, पंखा वर, काय त्रास आहे?” रबराचा, ग्रीसचा आणि दादाच्या कारागिरांच्या विड्यांचा तो वास आठवला, की आपली घामट जर्सीसुद्धा तिला फुलासारखी वाटायची. तिला अजून एक हंगाम हवा होता. एकच.

हंगामाचा शेवटचा सामना चिमणीच्या क्लबशी आला. चिमणी आता त्यांची मुख्य स्ट्रायकर. प्रशिक्षकांनी नाकूताईला बाजूला घेतलं. लवंग या गालातून त्या गालात गेली.

“पोरीचा पाय दुखतोय म्हणे. कुठला, ते कळत नाही. तू सांग. सामना झाला की लगेच तुझ्या करारावर सही.”

“सर, ती माझ्या खोलीत राहायची.”

“छान! म्हणजे वास ओळखीचा आहे.”

बोळात चिमणी शेजारीच उभी होती. केस विंचरलेले नव्हते, ओठाला सकाळचं दूध तसंच. नाकूताईला पाहून तिने दात काढले.

“काय ताई, सुटली का नाडी?”

“गप्प बस. तोंड पूस आधी.”

नाकूताई वाकली. चिमणीच्या उजव्या घोट्यातून मलमाचा असा लोट आला, की डोळ्यांत पाणी आलं. उजवा. शंकाच नको. ती नाडी बांधत राहिली, सोडत राहिली, पुन्हा बांधत राहिली. मग मैदानात गेली, प्रशिक्षकांकडे बघितलं आणि शांतपणे डावा मोजा वर ओढला.

घ्या म्हणावं! ठोका तिचा धडधाकट पाय. पोरगी चिवट आहे, दोन लाथा खाईल आणि वर गोल करून जाईल. करार जाईल, टायर येतील, येऊ देत. कितीतरी महिन्यांनी नाकूताईने पोटभर श्वास घेतला.

मध्यंतराच्या थोडं आधी संघातल्या दोघी चिमणीच्या डाव्या पायावर एकदम आल्या. चिमणी कोसळली, आणि जी ओरडली ती दोन लाथा खाणाऱ्या चिवट पोरीची ओरड नव्हती. स्ट्रेचर आलं. गोल झालाच नाही तिच्याकडून. नाकूताईचा संघ जिंकला.

“काय नाक आहे! काय नाक आहे!” प्रशिक्षक तिच्या पाठीवर थापा मारत होते. “डावाच निघाला! जा, अंघोळ कर, मग सही करायला ये.”

अंघोळ न करता ती प्राथमिक उपचारांच्या खोलीत गेली. पलंगावर चिमणी, डाव्या घोट्यावर बर्फाची पिशवी, घोटा फुगून वांग्यासारखा.

“डावा कसा कळला तुला?” चिमणी रडवेली होऊन ओरडली. “मी मुद्दाम उजव्याला मलम थापलं होतं! अख्खी डबी! डाव्याला थेंब लावला नाही, रात्रभर ठणकला तरी!”

नाकूताई स्टुलावर बसली.

“मला उजव्याचाच वास आला.”

“मग?”

“मग मी डावा सांगितला.”

चिमणीने तिच्याकडे बघितलं. गोष्ट डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला; डोकं हा काही चिमणीचा पाय नव्हता.

“म्हणजे तू मला वाचवायला खोटं बोललीस?”

“हो.”

“आणि मी तुला फसवायला खोटं चोळलं?”

“हो.”

“ताई, आपल्यासारख्या दोन मूर्ख बाया या धंद्यात दुसऱ्या नसतील गं!” चिमणीला हसू फुटलं, त्याने घोटा हलला आणि ती परत विव्हळली.

नाकूताई हसली नाही. “तू फसवायला बघितलंस ते बरोबरच केलंस. मी सांगतच होते ना दर वेळी. आज पहिल्यांदा खोटं बोलले, म्हणून काही मी स्वच्छ होत नाही.”

दारात लवंगेचा वास आला. त्यामागून प्रशिक्षक आले. “इथे काय करतेस? चल, कागद तयार आहेत.”

“सर, माझं नाक गेलं.”

“म्हणजे?”

“वास येत नाही. आजपासून. पण मी हेडर मारते, चौकट सांभाळते, तसं खेळेन. चालेल का?”

प्रशिक्षक हसले. मग ती थट्टा करत नाही हे त्यांना दिसलं आणि हसू लवंगेबरोबर गालात गेलं. “नाकाशिवाय तुला ठेवून मी करू काय? गुडघे बघ स्वतःचे. नीट विचार कर, उद्या सांग.”

“आत्ताच सांगितलं,” नाकूताई म्हणाली. “आणि सर, तुमच्या लवंगेखाली दाढ किडली आहे. फार दिवसांपासून वास येतोय.”

प्रशिक्षक गालावर हात धरून निघून गेले. चिमणीने उशाची बाटली उचलली, तोंडाला लावून घटाघटा प्यायली आणि पुढे धरली. बाटलीच्या तोंडाला लाळेची तार लोंबत होती.

“पी.”

“नाही.”

“घोटा माझा फुटलाय. पी.”

नाकूताईने बाटली घेतली. तार बघितली. सगळा चेहरा नाकाभोवती गोळा झाला. डोळे मिटून ती एक घोट प्यायली, शहारली, आणि आणखी एक प्यायली.

“कसं लागलं?”

“घाण,” नाकूताई बाहीने तोंड पुसत म्हणाली. मग ती बाही त्याच जर्सीची आहे हे लक्षात येऊन तिने पुन्हा तोंड पुसलं, या वेळी चिमणीच्या चादरीला. “थू! दादाला फोन लाव. त्याला म्हणावं, गल्ल्यावर बसेन, पण विड्या बाहेर.”