सरळ रांग

‘नई सडक’ नावाच्या रस्त्यावर इस्त्रीच्या दुकानातून खळीचा वास आला आणि आमच्या निवासी शाळेचा स्थापना दिन आठवला. प्रमुख पाहुणे येईपर्यंत कडक साफे बांधून उन्हात निश्चल उभं राहायचं, ही तिथली थोर परंपरा. पाहुण्यांना तासभर उशीर झाला. शेजारचा मित्र पुटपुटला, “चक्कर येतेय यार,” आणि कोसळला. सर धावत आले आणि त्यांनी आधी त्याचा साफा उचलून झटकला. मी पाणी आणायला निघालो, तर ओरडले, “ए, लाइन मत तोड़!” मी तोडली, आणि पुढे आठवडाभर मैदानाला फेऱ्या मारल्या. परवा शाळेचा सचित्र इतिहास घरी आला. त्यात त्या दिवसाचा फोटो आहे. आमच्या जागी तत्परतेने दुसरी दोन मुलं उभी केलेली. खाली लिहिलंय, ‘अखंड परंपरा’. मित्र शुद्धीवर आला का, हे तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं.