हवालदारांची पगारवाढ

"फाइल वर गेली हाय, बाबूजी. येते हळूहळू."

हवालदार मला हे सांगायचे. खरं तर पोलिसांची पगारबिलं करणारा कारकून मी. वाढीचं काय झालं, हे मीच त्यांना सांगायला हवं होतं.

नागपुरात अधिवेशनाच्या दिवसांत तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. सीताबर्डीच्या रस्त्यावर लाठी आडवी धरून उभे असलेले, मोर्चातल्या म्हाताऱ्यांना "सावलीत बसा गा बुवा" म्हणणारे उंच हवालदार. मास्तरांचे, गिरणी कामगारांचे मोर्चे त्यांनी अडवले. त्यातल्या कित्येकांना वाढ मिळाली. "आपलं बी होते," ते म्हणायचे. पोलिसांना मात्र मोर्चा काढायची मनाई होती.

एका डिसेंबरात पोलिसांच्या बायकांनीच मोर्चा काढला. मी चहाला बाहेर पडलो होतो, म्हणून पाहिलं. सगळ्यांत पुढे हवालदारांची बायको होती, पदर खोचून, आणि तिला अडवायला समोर हवालदारच.

"तू काहून आली वं?"

"तुमाले येता येत नाही म्हून."

"मांगं सरक."

"नाही सरकत. तुमी सरका."

आजूबाजूचे शिपाई हसले. तीही हसली. तेवढ्यात मागून रेटा आला आणि साहेबांनी शिट्टी फुंकली. हवालदारांनी दोन्ही हातांनी लाठी पुढे ढकलली, नेहमी ढकलायचे तशीच. बायको तोल जाऊन उजव्या हातावर पडली.

तिला बायकांनी धंतोलीच्या दवाखान्यात नेलं. हवालदार ड्यूटी संपेपर्यंत जागेवर उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला काही दिसलं नाही. दिसावं म्हणून मी बराच वेळ थांबलो होतो.

पुढच्या वर्षी वाढ मंजूर झाली. कचेरीत पेढे आले. हवालदारांनी सही केली, पेढा घेतला नाही.

"घरी काय म्हणतात?" मी विचारलं.

"काही नाही. हाड वाकडं जुळलं. डाव्या हातानं सैपाक करून राहिली."

त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतंच झालं.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना एका सकाळी हवालदार परेडहून आले, खाटेवर बसले आणि बसल्या जागी गेले.

महिन्याभराने बाई पेन्शनच्या अर्जासाठी आली. मी सही कुठे करायची ते दाखवलं.

"हे नव्या पगारावर बसते ना, बाबूजी?"

"हो. नव्यावरच."

"मंग बरं."

तिने डाव्या हाताने एकेक अक्षर काढलं, आणि शाई वाळेपर्यंत कागद तसाच धरून बसली.